लहान जहाजावरची क्रूझ: नागपूरहून निघणाऱ्या प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नागपूरला समुद्र नाही आणि प्रवासी जहाज चालेल अशी नदीही जवळ नाही. त्यामुळे येथील माणसाला कोणतीही क्रूझ म्हणजे दोन प्रवास करावे लागतात: एक जहाजापर्यंत पोहोचण्याचा आणि दुसरा जहाजावरचा. मोठ्या क्रूझच्या बाबतीत सहल कंपनी हे दोन्ही एका पॅकेजमध्ये बांधून देते आणि प्रवाशाला फारसा विचार करावा लागत नाही. लहान जहाजांचे बुकिंग मात्र बहुधा वेगळ्या रीतीने होते, त्यांच्या अटी कडक असतात, आणि जहाजावरचे जीवनही जाहिरातीतील क्रूझहून निराळे असते. म्हणून निर्णय घेण्यापासून परत घरी येईपर्यंत काय काय करावे लागते, ते येथे क्रमाने मांडले आहे.

लहान जहाज कशाला म्हणावे याची एकच अधिकृत व्याख्या नाही. दहा-बारा प्रवाशांच्या शिडाच्या नौकेपासून दोन-तीनशे प्रवाशांच्या मोहीम जहाजापर्यंत (ध्रुवीय किंवा दुर्गम भागांत नेणाऱ्या जहाजापर्यंत) सर्व काही या नावाखाली विकले जाते. तुलनेसाठी सांगायचे तर ‘आयकॉन ऑफ द सीज’ या महाकाय जहाजावर ७,००० हून अधिक प्रवासी मावतात, तर १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून पहिल्या फेरीस निघालेल्या ‘एमव्ही गंगा विलास’ या नदीवरील जहाजात १८ स्वीट आणि ३६ प्रवाशांची सोय आहे. लहान जहाजावर नाट्यगृह नसते, कॅसिनो नसतो, मुलांसाठी घसरगुंड्या नसतात. पुष्कळदा लिफ्टही नसते. जिथे मोठे जहाज शिरूच शकत नाही अशा काठाशी नेऊन उतरवणे, हेच त्याचे काम. ज्या कुटुंबाला जहाजावरची करमणूक हवी आहे त्यांनी मोठे जहाजच घ्यावे, त्यात काहीही कमीपणा नाही. परंतु काठावरची गावे, पक्षी, बर्फ किंवा बेटे पाहायची असतील, तर पुढचे सर्व कष्ट घेण्याजोगे आहेत.

पहिली पायरी: जहाज नव्हे, पाणी निवडा

बहुतेक लोक केबिनची छायाचित्रे पाहून सुरुवात करतात. तसे न करता आधी कोणते पाणी हवे ते ठरवावे, कारण हवामान, खर्च, व्हिसा आणि शारीरिक क्षमता हे सर्व त्यावरच अवलंबून असते. नदीवर जहाज जवळजवळ हलत नाही. किनाऱ्यालगतच्या समुद्रात, उदाहरणार्थ क्रोएशियाच्या बेटांमध्ये किंवा व्हिएतनामच्या हालाँग उपसागरात, हेलकावे बेताचे असतात. खुल्या महासागरात, विशेषतः दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधील सुमारे ८०० किलोमीटर रुंदीच्या ड्रेक सामुद्रधुनीत, जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण दोन दिवस जहाज चांगलेच डोलू शकते.

पहिल्यांदाच जाणाऱ्या नागपूरकराला माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, सुरुवात हुगळी नदीपासून करावी. याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. नागपूर हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील स्थानक असल्याने गाडी न बदलता हावड्याला उतरता येते. विमानाची जुळवाजुळव, व्हिसा, परकीय चलन यांपैकी काहीच लागत नाही. दुसरे कारण काठांचे आहे. कोलकात्याहून उत्तरेकडे जाताना डॅनिश लोकांचे श्रीरामपूर, फ्रेंचांचे चंदननगर, डचांचे चुंचुडा आणि पोर्तुगीजांचे बंडेल अशी जुनी वसाहतींची गावे एकामागून एक येतात. पुढे कालना येथील टेराकोटाची मंदिरे, मायापूर आणि शेवटी मुर्शिदाबाद येते. वाटेत काटवा लागते, तेथे नागपूरकराने अवश्य डेकवर यावे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालच्या स्वारीत याच काटव्यास तळ दिला होता. त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती ‘मराठा खंदक’ खणण्यास सुरुवात झाली आणि अखेर १७५१ मध्ये नवाब अलिवर्दी खानाने तह केला. बंगालमध्ये या ‘बर्गीं’ची, म्हणजे स्वारीवर आलेल्या मराठा घोडेस्वारांची, आठवण दुःखाचीच आहे, अंगाईगीतांतसुद्धा ती उतरली आहे, आणि आपल्या शहराच्या इतिहासाची ही दुसरी बाजू त्या काठावर उभे राहून जाणून घेणे मला महत्त्वाचे वाटते.

हुगळीनंतरची नैसर्गिक पायरी म्हणजे ब्रह्मपुत्रा. आसाममध्ये बारा-पंधरा केबिनची जहाजे चालतात. त्यांच्या फेऱ्यांत काझीरंगा, माजुली बेटावरील सत्रे (वैष्णव मठ) आणि शिवसागर यांचा समावेश असतो. येथे बहुतेक ठिकाणी पक्का धक्का नसतो. जहाज वाळूच्या काठाला लागते, लाकडी फळी टाकली जाते आणि त्या फळीवरून उतरून वाळूतून चालावे लागते. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी ही एक गोष्ट बुकिंगपूर्वी नीट विचारून घ्यावी, कारण केबिन कितीही आरामशीर असली तरी उतरताच आले नाही तर प्रवासाचा हेतूच साधत नाही.

आपल्याला पाण्यावर राहणे मानवते की नाही याचीच शंका असेल, तर केरळमध्ये आलप्पुळा येथील हाउसबोटीवर एक रात्र राहून पाहावे. मासेमारीच्या जाळ्यांमुळे त्या बोटी संध्याकाळी काठाला बांधून ठेवतात, त्यामुळे ती क्रूझ नव्हे. पण अरुंद खोली, इंजिनाचा आवाज आणि पाण्याची सोबत यांचा अंदाज येतो.

दुसरी पायरी: हंगाम आणि घरच्या सुट्ट्या यांचा मेळ

आपल्याकडे कुटुंबाचा प्रवास शाळेच्या सुट्ट्यांवर ठरतो आणि इथेच पुष्कळांची निवड चुकते. ब्रह्मपुत्रेचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल असतो आणि पावसाळ्यात काझीरंगा बंद असते. म्हणजे दिवाळी किंवा नाताळची सुट्टी तिथे उत्तम, उन्हाळ्याची नव्हे. नाईल नदीवर इस्ना ते असवान या टप्प्यात चालणाऱ्या ‘दहाबिया’ या शिडाच्या लहान नौकाही हिवाळ्यातच घ्याव्यात. मे महिन्यातील नागपूरचे ऊन टाळण्यासाठी त्या काळात दक्षिण इजिप्तला जाण्यात काहीच अर्थ नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी क्रोएशिया, अलास्का आणि सुट्टीच्या शेवटी जूनमध्ये नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह योग्य ठरतो. गॅलापागोस बेटांवर वर्षभर जाता येते. अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च एवढाच असतो. जहाजात मुलांना घेतात का, हेही तेव्हाच विचारावे, कारण रबरी बोटीतून उतरावे लागणाऱ्या अनेक मोहिमांत सात-आठ वर्षांची किमान वयोमर्यादा असते.

तिसरी पायरी: प्रवासी संख्येचे नियम समजून घ्या

जहाज जितके लहान तितके काठावर उतरणे अधिक, हे केवळ जाहिरातीतील वाक्य नाही; त्यामागे नियम आहेत. अंटार्क्टिकात सहल संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी १०० हून अधिक प्रवासी किनाऱ्यावर नसतात आणि ५०० हून अधिक प्रवासी असलेली जहाजे कोणालाही उतरवत नाहीत. साहजिकच १०० प्रवाशांच्या जहाजावरून सगळे एकदम उतरतात, तर २०० प्रवाशांच्या जहाजावर दोन तुकड्या करून निम्मा वेळ वाट पाहावी लागते किंवा रबरी बोटीतून नुसते फिरावे लागते. गॅलापागोसमध्ये कोणत्याही जहाजावर १०० हून अधिक प्रवासी नसतात, शिवाय प्रत्येक जहाजाचा मार्ग राष्ट्रीय उद्यान ठरवून देते. म्हणून तिथे जहाजाच्या नावापेक्षा त्या आठवड्याचा बेटांचा क्रम पाहून बुकिंग करावे. स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत १ जानेवारी २०२५ पासून २०० प्रवाशांची मर्यादा लागू झाली आहे. तेव्हा चौकशी करताना पहिला प्रश्न असा विचारावा: एकूण प्रवासी किती, आणि एका वेळी किनाऱ्यावर किती जण उतरतात?

सुरक्षिततेची चौकशीही याच टप्प्यावर करावी. समुद्रात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा (आयएमओ) सात अंकी क्रमांक असतो, त्यावरून जहाजाचे वय आणि पूर्वीची नावे शोधता येतात. ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांना १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय संहिता, म्हणजे तेथील जहाजांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू आहे. भारतातील नद्यांवरील जहाजांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. जहाजाची नोंदणी आणि तपासणी प्रमाणपत्र चालू आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. जुलै २०२५ मध्ये हालाँग उपसागरात अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटून तीसहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. लहान बोटीत वादळाचा इशारा असताना फेरी रद्द झाली, तर त्या निर्णयाविरुद्ध वाद घालू नये, आणि जी कंपनी असा इशारा हलक्यात घेते तिच्याकडे जाऊच नये.

चौथी पायरी: केबिन आणि किंमत

दर जवळजवळ नेहमी ‘प्रति व्यक्ती, दोघांत एक केबिन’ या पद्धतीने दिलेले असतात. एकट्या प्रवाशाला त्यावर अधिभार पडतो आणि तो काही ठिकाणी दुप्पट दरापर्यंत जातो; काही कंपन्या मात्र अनोळखी सहप्रवासी (स्त्रीला स्त्री, पुरुषाला पुरुष) जोडून देऊन हा अधिभार वाचवतात. तिघांच्या केबिन थोड्याच असतात, त्यामुळे आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाने दोन केबिनचाच हिशेब धरावा.

सर्वांत वरच्या मजल्यावरील गच्चीची केबिन महाग असते, परंतु समुद्रात तीच सर्वाधिक डोलते. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी असलेली केबिन घ्यावी. ती स्वस्तही पडते. मात्र ती इंजिनाच्या अगदी वर किंवा नांगराच्या साखळीजवळ नाही ना, हे जहाजाच्या नकाशावर पाहून घ्यावे, कारण पहाटे नांगर उचलताना होणारा आवाज झोपमोड करतो. नदीवर हलण्याचा प्रश्न नसल्याने तिथे वरची केबिन घेण्यास हरकत नाही.

किमतीत काय समाविष्ट आहे ते लेखी मागावे. काठावरच्या सहली, उद्यानांची प्रवेशशुल्के, पेये, गरम कोट आणि बूट, विमानतळावरून ने-आण आणि बक्षिसी यांपैकी प्रत्येक गोष्ट एका कंपनीत धरलेली तर दुसरीत वेगळी असू शकते. गॅलापागोसमध्ये परदेशी प्रौढ प्रवाशांसाठी राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झाले आहे आणि ते बहुधा पॅकेजबाहेर असते.

वीस-पंचवीस जणांचे एकत्र कुटुंब किंवा मित्रमंडळ असेल, तर संपूर्ण जहाजच घेण्याची चौकशी जरूर करावी. बारा केबिनच्या जहाजाच्या बाबतीत हे अशक्य नसते आणि त्यामुळे जेवणाच्या वेळा, पदार्थ आणि थांबे यांवर आपले म्हणणे चालते.

पाचवी पायरी: अटी, विमा आणि कर

येथे सर्वांत अधिक वेळ द्यावा. मोहीम जहाजांचे बुकिंग वर्षभर आधी होते. सुरुवातीला साधारण २० ते २५ टक्के रक्कम भरावी लागते आणि उरलेली निघण्याच्या तीन-चार महिने आधी. त्यानंतर रद्द केल्यास बहुतेक रक्कम परत मिळत नाही. अटींत एक वाक्य हमखास असते, की हवामान, बर्फ किंवा पाण्याची पातळी यांनुसार मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाकडे राहील आणि त्याबद्दल भरपाई मिळणार नाही. हे वाक्य वाचून पुष्कळ जण साशंक होतात, परंतु ते रास्त आहे. ब्रह्मपुत्रेत एका आठवड्यापूर्वी खोल असलेली वाट वाळूने भरून जाते आणि हुगळीत धक्क्याला लागण्याची वेळ भरती-ओहोटी ठरवते. ज्यांना छापील कार्यक्रम तंतोतंत पार पडायला हवा असतो, त्यांनी या प्रकारच्या प्रवासाचा पुनर्विचार करावा.

विमा घेताना नेहमीची परदेश प्रवास पॉलिसी पुरेशी मानू नये. दुर्गम ठिकाणाहून रुग्णाला हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत मिळतो, क्रूझ आणि ध्रुवीय प्रदेश वगळलेले तर नाहीत ना, आणि मधुमेह किंवा रक्तदाब यांसारखे आधीचे आजार धरले आहेत का, या तीन गोष्टी विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्याव्यात. अनेक मोहीम कंपन्या अशा विम्याशिवाय जहाजावर चढूच देत नाहीत. मोहीम जहाजांवर डॉक्टर असतो; नदीवरील लहान जहाजावर तो असेलच असे नाही.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर भारतात टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा केलेला आयकर, घेतला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने पैसे भरण्याच्या वेळचा दर आपल्या सनदी लेखापालाकडून खात्री करून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

सहावी पायरी: कागदपत्रे आणि लस

पासपोर्टचे काम नागपुरातच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयामार्फत होते, मात्र परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी. व्हिएतनामसाठी ई-व्हिसा मिळतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात) असल्याने तिथे शेंगेन व्हिसा लागतो. स्वालबार्डला स्वतःला व्हिसा लागत नाही, पण तिथे नॉर्वेमार्गे जावे लागते आणि ते बेट शेंगेनबाहेर आहे; म्हणून परत येताना पुन्हा प्रवेश मिळावा यासाठी दोन किंवा अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा मागावा. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतला, तर परतीची वाट अडते.

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. गॅलापागोस इक्वेडोरमध्ये आहे आणि अंटार्क्टिकाची बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उशुआया येथून सुटतात. हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. तेथून परतणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते. साठी ओलांडलेल्यांनी ही लस घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

सातवी पायरी: नागपूर ते जहाज

जहाज कोणासाठीही थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतातील धुक्यामुळे विमाने आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. म्हणून देशातील प्रवासासाठी किमान एक दिवस आणि परदेशी जहाजासाठी दोन दिवस आधी बंदराच्या गावी पोहोचावे. ब्रह्मपुत्रेवरील जहाजासाठी गुवाहाटीला जाताना शक्य असल्यास नागपूरपासूनचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढावा, म्हणजे पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते.

सामान थोडे आणि मऊ पिशवीत न्यावे. कडक मोठी बॅग पलंगाखाली सरकत नाही. औषधे दुप्पट न्यावीत, तीही हातातील पिशवीत. नागपूरकर संत्र्यांची पेटी भेट म्हणून बरोबर घेतात, पण गॅलापागोसला जाताना सामानाची जैविक तपासणी होते, तेव्हा ताजी फळे आणि बिया नेऊच नयेत. अंटार्क्टिकात तर किनाऱ्यावर कोणताही खाद्यपदार्थ नेण्यास मनाई आहे, आणि कपड्यांच्या शिवणीत अडकलेले कुसळसुद्धा काढून टाकावे लागते. चिवडा, खाकरे, लाडू असा बंद पाकिटातील कोरडा खाऊ जहाजावर चालतो का, ते कंपनीला आधी विचारावे. खोलीत विजेची किटली किंवा इंडक्शन शेगडी आगीच्या धोक्यामुळे वापरू देत नाहीत.

शाकाहाराविषयी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावे. परदेशी जहाजावर ‘शाकाहारी’ एवढेच सांगू नये. मांस, मासे, अंडी, मांसाच्या रसाचे सूप यांपैकी काय चालत नाही ते एकेक करून सांगावे. लहान जहाजाचे स्वयंपाकघर लहान असते आणि शिधा एकदाच भरलेला असतो, त्यामुळे समुद्रात गेल्यावर उपवासाचे किंवा जैन पद्धतीचे जेवण मागितल्यास आचारी इच्छा असूनही काही करू शकत नाही. आधी कळवले, तर मात्र पुष्कळदा अपेक्षेपेक्षा चांगली व्यवस्था होते.

आठवी पायरी: जहाजावर

पहिल्याच दिवशी सुरक्षा कवायत होते. लाइफ जॅकेट कसे घालावे आणि कोठे जमावे हे तेव्हा दाखवतात. तिला सर्वांनी उपस्थित राहावे. त्यानंतरचा दिनक्रम ठरलेला असतो: पहाटे चहा, सकाळी एक उतरणे, दुपारी जेवण आणि विश्रांती, सायंकाळी दुसरे उतरणे, आणि रात्रीच्या जेवणापूर्वी उद्याचा कार्यक्रम सांगणारी बैठक. ही बैठक चुकवू नये, कारण पाणी पाहून बदललेली वेळ तिथेच कळते. इंटरनेट मंद किंवा बंद असेल असे धरून घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

उतरण्याचे दोन प्रकार आहेत. धक्क्यावर किंवा खडकावर पाय ठेवून उतरणे कोरडे. रबरी बोटीतून घोटाभर किंवा गुडघाभर पाण्यात उतरणे ओले. रबरी बोटीत चढताना खलाशाचा हात तळव्याने न धरता एकमेकांचे मनगट पकडायचे असते, म्हणजे ओला हात निसटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत ठेवावा. साडी किंवा पायघोळ पोशाख या वेळी टाळावा. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवतात. तो स्वतः जवळ आला तर आपण स्तब्ध राहावे.

बोट लागणे हा कमकुवतपणा नाही. मुरलेल्या खलाशांनाही ती लागते. गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, तर जहाज सुटण्यापूर्वी घ्यायची असते. प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिन यांसारख्या औषधांनी झोप येते आणि काही आजारांत ती चालत नाहीत, म्हणून नागपूर सोडण्यापूर्वीच डॉक्टरांकडून नाव आणि मात्रा लिहून घ्यावी. पोट रिकामे ठेवू नये, हलके खावे, आलेपाक जवळ ठेवावा, मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे पाहावे आणि फारच त्रास झाला तर आडवे व्हावे. साधारणपणे एक-दोन दिवसांत शरीराला सवय होते.

शेवटचा दिवस

आदल्या रात्री हिशेबाचे बिल येते. ते तेव्हाच तपासावे, सकाळी रांग लागते. बक्षिसी बहुधा सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकाच पेटीत टाकतात, आणि परदेशी मोहीम जहाजांवर दर माणशी दर दिवशी दहा-पंधरा डॉलर अशी साधारण अपेक्षा असते. उतरल्यावर त्याच दिवशी दुपारपूर्वीचे विमान घेऊ नये. अंटार्क्टिकाहून परतताना तर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. पीतज्वराचे पिवळे प्रमाणपत्र मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टबरोबर ठेवावे, कारण मुंबई किंवा दिल्लीला सामान मिळण्यापूर्वीच ते दाखवावे लागते. घरी आल्यावर टीसीएसची पावती आयकर विवरणपत्राच्या कागदांत लावावी. ती रक्कम देय करात वळती होते किंवा परत मिळते.